अडलेला दांडा

वाचकहो, या सदरात आजवर मी शब्द, पुस्तके, सण आणि शाळा यांच्या कुंपणाबाहेर फारसा गेलो नाही. आज मोटारीच्या गिअरच्या दांड्याविषयी लिहावयाचे आहे. ज्याने आयुष्यात स्वतः कधी मोटार हाकली नाही, त्याने हा विषय हाती घ्यावा यात औचित्य किती, हा प्रश्न आपण विचाराल. परंतु गेल्या मे महिन्याच्या सुट्टीतील तीन दिवस मी एका अडलेल्या दांड्यापुढे बसून काढले आणि त्या तीन दिवसांत जे कळले ते गेल्या कित्येक वर्षांच्या वाचनात कळले नव्हते. शिवाय आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात, परसात वा गोठ्यामागे एखादी जुनी गाडी उभी असेल, तिच्याही उपयोगी हे पडावे.

आमोणे हे आमचे गाव गोव्याच्या डिचोली तालुक्यात मांडवीच्या काठी वसले आहे. बडोदे, इंदूर, हैदराबाद येथील वाचकांच्या डोळ्यांपुढे गोवा म्हटला की समुद्र येतो. आमच्याकडे समुद्र नाही. आमच्याकडे नदी आहे, कुळागरे आहेत आणि तांबडी धूळ आहे. १९५० नंतरच्या दशकांत जपानची मागणी वाढली आणि या भागातील डोंगर खणून खनिज लोखंड नदीकाठच्या धक्क्यांवर येऊ लागले. तेथून बार्जीतून मुरगाव बंदराकडे. खाण ते धक्का हे अंतर ट्रकांचे. घरटी एखादा तरी ट्रकचालक, नाही तर ट्रकमालक, नाही तर त्यांच्या ट्रकांना टायर पुरविणारा, अशी स्थिती दोन-तीन पिढ्या होती. आमचा ग्रामदेव वेताळ. गोव्यात वेताळाला वहाणा वाहण्याची प्रथा आहे. देव रात्री गावाभोवती फेरी घालतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा. माझे थोरले बंधू, ज्यांना मी दादा म्हणत असे, ते हसून म्हणायचे, ‘‘देवाचे टायर गाव बदलून देतो, आमचे कोण देणार?’’

दादांनी मॅट्रिकनंतर शाळा सोडली आणि ट्रकवर गेले. मी शिकलो. हे वाक्य जितके छोटे आहे तितका त्याचा अर्थ छोटा नाही, एवढेच येथे म्हणतो. पुढे त्यांनी स्वतःचा ट्रक केला आणि त्याच्या दिमतीला जीपच्या जातीची एक जुनी पिकअप गाडी घेतली. टायर, डिझेलची पिंपे, मोडलेले पाटे, चालकांचे जेवणाचे डबे, गणेशचतुर्थीला माटोळीचे सामान, जत्रेच्या नाटकाचे पडदे, सारे त्या पिकअपमधून जायचे. तिचा मूळ रंग कोणता, याविषयी घरात मतभेद होते. सर्वांच्या आठवणीत ती तांबडीच होती.

१० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने खाणी स्थगित केल्या आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने खनिजाची वाहतूकही थांबविली. एप्रिल २०१४ मध्ये ती बंदी अटींसह उठली. पुन्हा ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि १६ मार्चपासून सारे पुन्हा ठप्प. आमच्या बाजूला लोक तारखा पंचांगाने मोजत नाहीत, ‘पहिल्या बंदीआधी’ आणि ‘दुसऱ्या बंदीनंतर’ अशा मोजतात. खाणींच्या त्या मार्गाने निसर्गाचे काय झाले, शेते कशी गाळाने भरली, हा विषय वेगळा आणि तोही खराच. त्याविषयी मी पूर्वी लिहिले आहे. दुसऱ्या बंदीच्या त्या आठवड्यात दादांनी पिकअप घरासमोरच्या चढावर आणून उभी केली. हॅण्डब्रेक तिचा कधीच धड नव्हता. तोंड चढाकडे होते म्हणून त्यांनी तिला पहिल्या गिअरात घातली, मागच्या चाकाखाली चिरा ठेवला आणि चावी वहिनींच्या हाती दिली. दोन वर्षांनी दादा गेले. गाडी तशीच राहिली.

यंदा प्रश्न निर्माण झाला तो भिंतीमुळे. अंगण तोलून धरणारी चिऱ्यांची भिंत खालच्या अंगाला पोट काढू लागली होती. पावसाळ्यापूर्वी ती उतरवून नव्याने बांधली नाही, तर अंगणासकट पायरीही खाली येईल, असे गवंड्याने बजावले. त्या भिंतीच्या डोक्यावरच पिकअपचे सारे वजन. भंगारवाला आला, त्याने गाडीभोवती एक फेरी घातली आणि म्हणाला, ‘‘ही हलत नाही. इथेच गॅसने कापतो आणि तुकडे नेतो.’’ वहिनी काही बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. पुतण्याने मला फोन केला, ‘‘काका, जरा येऊन जा.’’

गाडी हलवावयाची तर ती गिअरातून काढून न्यूट्रल केली पाहिजे, आणि दांडा तर जागचा हलेना. पुतण्याने आधी हाताने, मग दांड्यावर पाण्याच्या नळाचा तुकडा चढवून जोर केला होता. फळ एवढेच झाले की दांडा मध्यावर वाकला. मी गेलो आणि सुशिक्षित माणसाप्रमाणे निदान केले : दांडाच वर उपसून काढावा, म्हणजे आतले दिसेल. आम्ही दोघांनी दोराने बांधून, पहार घालून, वरच्या दिशेने जितके ओढता येईल तितके ओढले. दांड्याच्या पायाशी असलेली लोखंडी टोपी रेसभरही उठली नाही. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण मी तीस वर्षे वर्गात समजावून सांगितली आहे. त्या दुपारी ती मला वारंवार का आठवत होती, ते पुढे येईल.

दुसऱ्या दिवशी मेस्त आला. आमच्याकडे यंत्राच्या कारागिराला मेस्त म्हणतात. महाराष्ट्रातला मिस्त्री तोच, दोघेही पोर्तुगीज ‘मेस्त्रि’चे वंशज. ज्याला गुरू म्हणावे त्यालाच पोर्तुगीजही मेस्त्रि म्हणतात, तेव्हा व्युत्पत्तीने पाहता आम्ही दोघे समव्यवसायी. पोर्तुगिजांचे राज्य १९६१ मध्ये गेले. चावी आणि बिजागरी हे त्यांचे शब्द मात्र साऱ्या मराठी मुलखात राहिले. हा मेस्त पूर्वी दादांच्या ट्रकवर क्लीनर होता. ट्रकच्या जगात क्लीनरचा उच्चार ‘किन्नर’ असा होतो. अमरकोशाने देवयोनींत गणलेल्या गायकांचे नाव डिझेलने माखलेल्या पोरांना मिळावे, यात लोकांचा विनोद आहे की अजाणता केलेला सन्मान, हे मला ठरविता आलेले नाही. आता त्याचे स्वतःचे छप्पर आहे, तीन पोरे हाताखाली आहेत आणि केस माझ्याहून पांढरे.

त्याने दांड्याला हात लावला नाही. आधी त्याने चारही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी मारल्या. मग पुढच्या बंपरमागील चौकटीला साखळीची कप्पी लावून तिचे दुसरे टोक फणसाच्या बुंध्याशी बांधले. ‘‘मास्तर,’’ तो म्हणाला, ‘‘हिला आत्तापर्यंत हा गिअरच धरून आहे. तो सुटला की ही तुमच्या भिंतीवर जाणार.’’ वाचकहो, हे मी ठळक करून सांगतो, कारण आम्ही दोघे सुशिक्षित आदल्या दिवशी त्याच गाडीच्या मागे उभे राहून दांडा ओढत होतो. तो आमच्या जोराने सुटला नाही ही वेताळाची कृपा.

त्यानंतर त्याने तळाशी असलेली रबराची पिशवी सोडविली. चार स्क्रू होते. दोन निघाले, दोनांची डोकी झिजली, ती छिन्नीने उडवावी लागली. आत तांबड्या मातीचा आणि तेलाचा दगडासारखा घट्ट थर. दादांच्या फेऱ्यांची सारी धूळ तेथे साठली होती. खनिजाची धूळ कोणती आणि गंज कोणता, हे सांगता येईना, आणि सांगता येण्याजोगे नव्हतेच. कारण दोन्ही मुळात एकच. आमच्या डोंगरांतले हेमेटाइट म्हणजे लोखंड आणि प्राणवायू यांचा संयोग. त्यात पाणी मिसळले की पिवळसर तपकिरी लिमोनाइट. आणि लोखंडावर चढणारा गंजही त्याच कुळातला. आमच्याच गावातील कारखान्याच्या भट्टीत कोक जाळून खनिजातला प्राणवायू काढून घेतात आणि लोखंड करतात. पिकअप सात पावसाळे अंगणात उभी राहून तेच काम उलट्या दिशेने करीत होती, सावकाश आणि विनाखर्च.

मेस्त तारेच्या ब्रशाने थर खरवडीत होता, मी रॉकेलचा बोळा पुढे करीत होतो. थर निघाल्यावर टोपी स्पष्ट दिसली. वाटीएवढी, दांड्याभोवती बसलेली, आणि तिच्या कडेला समोरासमोर दोन खाचा. त्या खाचांत खालच्या बिडाच्या पेटीचे दोन खुंट अडकलेले.

‘‘वोडूं नाकात मास्तर, दामात,’’ तो कोकणीत म्हणाला. ओढू नका, दाबा.

मग त्याने समजाविले ते असे. या दांड्याच्या खालच्या भागात एक गोळा असतो. तो वाटीत बसतो, म्हणून दांडा चारी दिशांना झुकतो. गोळ्यावर स्प्रिंग, स्प्रिंगवर ही टोपी. स्प्रिंग टोपीला सतत वर रेटते आणि त्या रेट्यामुळे टोपीच्या खाचा खुंटांत गच्च अडकून राहतात. विजेचा दोन खुंट्यांचा दिवा होल्डरात बसतो, तशी ही रचना. दिवा काढताना आपण तो ओढत नाही. आत दाबतो, किंचित फिरवितो, आणि मग तो आपण होऊन हातात येतो. टोपी वर ओढली तर खाचा खुंटांत अधिकच रुततात. आम्ही जितका जोर केला तितकी ती पक्की झाली. (सर्वच गाड्यांत अशी टोपी नसते. काहींत ती आट्यांची असते, काहींत सबंध झाकण बोल्टांनी बसविलेले असते. म्हणून आधी माती साफ करून पाहावे, मग हात घालावा.) शाळेच्या वऱ्हांड्यातील दिवे गेली कित्येक वर्षे मी स्वतः बदलीत आलो आहे, हे मी त्याला सांगितले नाही.

परंतु सात वर्षांच्या गंजापुढे युक्ती कळून भागत नाही. त्याने डिझेल आणि पातळ तेल यांचे मिश्रण टोपीच्या कडेने सोडले, तिच्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीने सावकाश टकटक केली, पुन्हा तेल सोडले आणि म्हणाला, ‘‘आज राहू दे. उद्या.’’ पुतण्याला हे मुळीच पटले नाही. त्याला मोठा पाईप-पाना लावावयाचा होता. मेस्त म्हणाला, ‘‘पाना लावला तर टोपी चेपेल. चेपली की ती ना दाबता येणार, ना फिरणार. मग कापायचीच.’’ कापण्याचा शब्द निघताच विषय संपला.

तेल मुरेपर्यंत आम्ही पायरीवर चहा घेत बसलो. येथे मला ती गोष्ट सांगितली पाहिजे.

२०११ साली, भरभराटीच्या ऐन दिवसांत, दादांनी कर्ज काढून दुसरा ट्रक घ्यावयाचे ठरविले. जामिनाची सही हवी होती. ते माझ्या घरी आले, खुर्चीवर बसले, आणि कागद पुढे न करताच त्यांनी विचारले. मी सरकारी नोकर, मुलांची शिक्षणे, खात्याची परवानगी, मी ‘पाहतो’ म्हणालो. मराठीत ‘पाहतो’ या शब्दाचा अर्थ ‘नाही’ असा होतो, हे दोघांनाही ठाऊक होते. त्यांनी पुन्हा विचारले नाही. सही वहिनींच्या भावाने केली. पुढच्याच वर्षी खाणी बंद झाल्या, ट्रक उभे राहिले, हप्ते थांबले आणि नोटिसा त्या गृहस्थांच्या घरी गेल्या. दुसरा ट्रक तोट्यात विकून आणि वहिनींचे दागिने मोडून ते कर्ज कसेबसे फेडण्यात आले. त्यातला काही भाग वहिनींच्या भावाच्या खिशातून गेला. हिशेबाच्या दृष्टीने माझे बरोबर होते. त्या हिशेबात चूक काढण्याचा मी अनेक रात्री प्रयत्न केला, ती सापडत नाही.

मेस्त बशीत चहा ओतीत म्हणाला, ‘‘मास्तर, दादा त्या दिवशी तुमच्याकडून परत आले तेव्हा मी ट्रकखाली होतो. म्हणाले, मी जायला नको होतं रे. उगाच मास्तराला अडचणीत टाकला.’’

मला काही बोलता आले नाही. मी विचारले, आणखी रॉकेल आणू का. तो म्हणाला, ‘‘पुरे आहे.’’

तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचे भाऊही आले. त्यांना पुतण्याने बोलाविले होते. हातभार हवा होता. आम्ही एकमेकांना नमस्कार केला. मेस्ताने टोपीवर, दांड्याला मिठी घालील असा लोखंडी नळीचा एक जाड तुकडा ठेवला, त्याच्यावर आडवी पट्टी, आणि पुतण्याला त्या पट्टीवर सारे वजन टाकावयास सांगितले. मला त्याने मागे सरकविले. टोपी सुटताच स्प्रिंग उडते आणि ती डोळ्यांच्या उंचीने येते, म्हणाला. पुतण्याने दाबले. टोपी दाबली गेली, अगदी तांदळाएवढी. मेस्ताने खाचेला छिन्नीची बोथट कड लावून घड्याळाच्या उलट दिशेने हलकेच ठोकले. एकदा, दोनदा. तिसऱ्याला कुरकुर असा आवाज झाला आणि टोपी करंगळीच्या रुंदीइतकी फिरली. ‘‘आता वजन काढ. हळू.’’ स्प्रिंगने टोपी आपणहून वर आणली. मेस्ताने दांडा धरला आणि भाकरीच्या पिठातून उलथने काढावे इतक्या सहज तो बाहेर घेतला. दोन दिवस ज्याच्याशी आम्ही झुंजत होतो तो, टोकाला लहानसा गोळा आणि खाली अंगठ्याएवढे बोट असलेला, हातभर लोखंडी दांडा.

भोकावर त्याने ताबडतोब स्वच्छ फडके टाकले. आत एक खडा किंवा एक स्क्रू पडला तर सगळी पेटी उतरवावी लागते.

मग बॅटरीच्या उजेडात त्याने मला आत पाहावयास सांगितले. पेटीत दोन दांड्या शेजारी शेजारी होत्या आणि प्रत्येकीला एक खाच. दोन्ही खाचा समोरासमोर आल्या म्हणजे गाडी न्यूट्रल. दांड्याचे बोट ज्या खाचेत शिरते ती दांडी मागे-पुढे सरकते आणि तो गिअर लागतो. एका वेळी एकच सरकावी, अशी आतच योजना असते. पुतण्याच्या जोराने बोट पहिल्या खाचेतून निसटून दोहोंच्या मधोमध रुतले होते, म्हणून काही हलत नव्हते. त्याखेरीज दुसरे कारण असे की गाडीचा सारा उतार सात वर्षे पहिल्या गिअरच्या दातांवर टेकून होता. दातांवरचा भार उतरल्याशिवाय दांडी सरकत नाही. कित्येकदा एवढ्यानेच काम होते, असे तो म्हणाला. गाडी पाचरीत ठेवून जराशी पुढे-मागे डोलविली तर दांडा न काढताही गिअर सुटतो.

त्याने कप्पीची साखळी ताणली. ‘‘मागे कोणी नको. दोन्ही बाजूंनी, फाळक्याच्या कोपऱ्यांना खांदा द्या. फक्त डोलवा.’’ एका कोपऱ्याला वहिनींचे भाऊ, दुसऱ्याला मी. मेस्त आत बसून लांब स्क्रू-ड्रायव्हर भोकात घालून ओणवा झालेला. आम्ही रेटले. गाडी बोटभर पुढे गेली, पुन्हा मागे टेकली. ‘‘आणखी.’’ पुन्हा रेटले. वहिनींच्या भावाचा श्वास मला ऐकू येत होता, त्यांचे वय माझ्याहून सहा वर्षांनी अधिक. तिसऱ्या खेपेस आतून ‘खट्’ असा आवाज आला. इतका लहान आवाज, की वहिनींना तो ओसरीवर कसा ऐकू गेला कोण जाणे. त्या उभ्या राहिल्या.

‘‘बाजूला व्हा,’’ मेस्त ओरडला. आम्ही दूर झालो. गाडी साखळीवर आली, साखळी करकरली, फणसाची दोन पाने पडली. पाचरी धरल्या. मग कप्पीने इंच इंच करीत, पाचरी पुढे सरकवीत, ती चढावर घेतली. टायरांत आदल्या दिवशीच हवा भरली होती, एक टायर तरीही चिरफाळलेला निघाला आणि कडेवरच फिरला. अर्ध्या तासात गाडी भिंतीपासून वीस हात वर, सपाटीला आली. जेथे ती उभी होती तेथे चार कोरडे खड्डे राहिले आणि एकात कोंबडी येऊन बसली.

वहिनींचे भाऊ घाम पुसत माझ्याजवळ आले. म्हणाले, ‘‘मास्तर, तुमचा खांदा अजून बरा आहे.’’ मी म्हणालो, ‘‘तुमच्यामागे लपला होता.’’ ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. वहिनींनी आतून हाक मारली, पेज वाढली होती.

भिंतीचे काम दुसऱ्याच दिवशी सुरू झाले आणि पावसाआधी चिरे बसले. भंगारवाला पुन्हा येऊन गेला. पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीची नोंदणी आता फी भरून, तपासणी करवून नव्याने घ्यावी लागते, आणि या गाडीची पंधरा वर्षे केव्हाच उलटली आहेत. इंजिन फिरेल की नाही, हे अजून कोणी पाहिलेले नाही. डिचोलीच्या एका खाणपट्ट्याचा लिलाव डिसेंबर २०२२ मध्ये झाला आणि खाणकाम पुन्हा सुरू झाले आहे. पुतण्या म्हणतो, विकूया. वहिनी म्हणतात, चतुर्थी होऊ दे. मेस्त म्हणतो, दांडा आधी सरळ करून आणा, मग बोलू. भोकावर फडके किती दिवस ठेवणार?

दांडा सध्या माझ्याकडे आहे. वर्तमानपत्रात गुंडाळून तो मी माझ्या टेबलाखाली ठेवला आहे. येत्या रविवारी साखळीच्या लोहाराकडे जावयाचे आहे. कोठे तापवावे आणि कोठे ठोकावे हे त्याला कळावे म्हणून मेस्ताने वाकलेल्या जागेवर खडूने दोन रेघा मारून दिल्या आहेत, आणि पिशवीत घालताना त्या पुसू देऊ नका, असे दोनदा बजावले आहे.